ट्रेलर उलाळ करू नका: नव्या कॅराव्हॅन मालकांच्या नेहमीच्या चुका

कॅराव्हॅन ट्रेलर दारात आला की आधी खरेदीला ऊत येतो. घडीच्या खुर्च्या, सोलरचे दिवे, भरताची कढई. आम्हीही तेच केलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो तेव्हा मागच्या कप्प्यात गाद्या, सतरंज्या, किराणा आणि शंभर लिटरची भरलेली टाकी होती. पारोळ्याच्या अलीकडे केळीचा ट्रक शेजारून सपकन गेला आणि ट्रेलर शेपूट हलवू लागला. मी घाबरून ब्रेक दाबला. झोके आणखी वाढले.

पुढे ढाब्यावर एका बाबांनी ट्रेलरकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "भो, तुनी गाडी उलाळ शे."

उलाळ म्हणजे मागे जड. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वजन मागे गेलं की जू वर उचलतं. इथे जू म्हणजे गाडीचा हूक. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर असावा, असा अमेरिकेतला प्रघात आहे. युरोपात तो कमी धरतात. अमेरिकेच्या हिशेबाने 1,000 किलोच्या ट्रेलरला 100 ते 150 किलो. आपल्याकडच्या छोट्या गाडीच्या हूकला एवढं झेपेलच असं नाही, म्हणून आधी गाडीचं हँडबुक बघा आणि मग ट्रेलर निवडा. आम्ही उलटं केलं होतं.

भार मोजायला वजनकाटा पुरतो. जिनिंगजवळ कुठेही सापडेल. सामान भरलेला ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर ठेवा, वजन घ्या. मग पुढचा जॅक काट्याबाहेर टेकेल असा सरकवून पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे हूकवरचा भार. जड सामान आसाजवळ आणि खाली, हलकं वर. टाकी भरलेली न्या किंवा रिकामी. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर इकडून तिकडे धावतं.

आणि झोके आलेच तर? ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. जोरात ब्रेक नाही, उलटसुलट स्टिअरिंग तर नाहीच.

टायरची चूक मे महिन्यात कळते, जेव्हा भुसावळला पारा 45 च्या घरात असतो. ट्रेलर वर्षातले दहा महिने अंगणात उभा. नक्षी कोरी दिसते, पण रबर उन्हाने तडकलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलायच्या तयारीला लागा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरमधून "जास्त वाटली" म्हणून हवा काढू नका; कमी हवेचा टायर चालताना आणखी तापतो आणि फुटतो. चाक बदललं की शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळा.

मुक्कामाला पोचल्यावर लोक आधी हूक सोडतात. थांबा. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच गवंड्याच्या पाणसळीने डावी-उजवी बाजू बघा, खालच्या चाकाखाली फळी द्या. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडकण, लावा. मगच हूक सोडून जॅकने पुढची बाजू समतल करा. कोपऱ्यातले पाय फक्त टेकवायचे. त्यांच्यावर ट्रेलर उचलला तर वाकतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर शिरूच नका, ट्रॅक्टर शोधत फिरावं लागेल.

घाटात, तोरणमाळ असो की कन्नड, उताराला लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की ब्रेक तापून निकामी होतात.

गॅसबद्दल हयगय नको. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून तळाशी असलेल्या जाळ्यांवर सतरंजी पसरू नका. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा, प्रवासात सिलिंडर बंद ठेवा. वांगी भाजायची तर बाहेर, पऱ्हाटीवर. चवही तिथेच येते.

राहिलं रिव्हर्स. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते. रविवारी मोकळं मैदान गाठा. गावात ट्रॅक्टरची ट्रॉली सफाईने मागे घेणारा एखादा पोरगा असतोच, त्याला चहा पाजून शेजारी बसवा. मी बसवला होता. तासभर हसला माझ्यावर, पण शिकवलं.