शार्त्रचे कॅथेड्रल कसे वाचावे

ख्रिस्ती धर्माने पाश्चात्त्य विद्येला आकार कसा दिला, हे पाहायचे असेल तर फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये थेट आत शिरू नये. आधी पश्चिमेच्या दारांपुढे निवांत उभे राहावे. 1194 च्या आगीतून वाचलेल्या या दारांपैकी उजव्या दाराच्या कमानीत, मांडीवर बाळ येशू घेतलेल्या मरियेभोवती, व्याकरण, संगीत, भूमिती अशा सात विद्या कोरल्या आहेत. व्याकरणाच्या हातात छडी असून तिच्यापुढच्या दोन पोरांपैकी एक दुसऱ्याचे केस ओढतो आहे. संगीताखाली ख्रिस्तपूर्व काळातला पायथागोरस मांडीवरच्या लेखनफळीवर वाकून लिहिताना दिसतो. ग्रीकांचे ज्ञान चर्चने आपल्या उंबरठ्यावर असे मानाने बसवले, आणि मला तरी या वास्तूतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत. रंगीत काचेच्या खिडक्या बहुधा खालून वर वाचाव्यात, कारण कथा तशीच चढत जाते. खालच्या चौकटींत पाव विकणारे, चाके घडवणारे कारागीर संतांच्या शेजारी दिसतात. दुर्बीण सोबत असावी. वरचे बारकावे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.