रोबोटने जांघेचा हर्निया शिकताना: सगळं ठरतं जाळीच्या आधी

रोबोटवर नव्याने बसणाऱ्याचा जीव टाके घालण्यात रमतो. हत्यारं मनगटासारखी वळतात, गाठ सुरेख बसते, वाटतं जमलं. पण टॅप पद्धतीत, म्हणजे पोटात शिरून पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) उघडून त्यामागे जाळी बसवताना, हर्निया पुन्हा होणार की नाही, हे बहुतेक वेळा जाळी पोटात जाण्याआधीच ठरलेलं असतं.

मांडणी सोपी आहे. रुग्णाला लघवी करवून टेबलावर घ्यायचं, दोन्ही हात अंगालगत, डोकं १० ते १५ अंश खाली. दा विंची एक्सआय या रोबोटवर बेंबीच्या किंचित वर एका रेषेत ८ मिमीचे तीन पोर्ट (हत्यारं आत घालायची छिद्रं), एकमेकांपासून साधारण ८ सेंमीवर; कॅमेरा ३० अंशाचा, मधल्या पोर्टात. ट्रोकारवरचा (पोर्टात बसणाऱ्या नळीवरचा) जाड काळा पट्टा पोटाच्या भिंतीच्या जाडीत बसला पाहिजे. तो आत-बाहेर सरकला की रोबोटच्या हाताचा टेकू चुकतो, भिंत ताणली जाते आणि रुग्णाला पोर्टपाशीच जास्त दुखतं.

पेरिटोनियमचा छेद अंतर्गत रिंगच्या (कॉर्ड, म्हणजे वृषणाकडे जाणारी दोरी, पोटातून बाहेर पडते त्या भोकाच्या) ४-५ सेंमी वर घ्या. नवखे तो खाली घेतात, मग शेवटी फ्लॅप (पेरिटोनियमचा सोडवलेला पडदा) पुरत नाही. आतल्या बाजूला कूपर लिगामेंट (जघनास्थीवरचा चिवट पट्टा) पांढरंशुभ्र दिसेपर्यंत जा आणि मध्यरेषा २ सेंमी ओलांडा. कूपरवरून आडवी जाणारी कोरोना मॉर्टिस ही रक्तवाहिनी इथेच भेटते. कात्री चालवण्याआधी ती शोधा. व्हास (शुक्रवाहिनी) आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणात बाह्य इलियाक वाहिन्या (पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या) असतात, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला, इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या (जांघेतल्या तंतूंच्या पट्ट्याच्या) खाली, नसा. तिथे करंट नको, टाका नको, टॅकर (जाळी ठोकून बसवायचं हत्यार) तर नकोच.

एक्सआयवर हाताला स्पर्श कळत नाही. ऊतक पांढरं पडतंय का, ताणलं जातंय का, हे डोळ्यांनी ओळखायचं. पेरिटोनियम फाटतं ते बहुधा डाव्या हाताच्या नकळत ओढीने. कॉर्डवरची चरबीची गाठ बाहेर काढायलाच हवी. ती राहिली तर रुग्ण महिन्याभराने ‘फुगा तसाच आहे’ म्हणून परत येतो, आणि त्याचं खोटं नसतं.

जाळी किमान १० × १५ सेंमी. ती टाकण्याआधी फ्लॅप वर ओढून बघा. कॉर्ड त्याच्याबरोबर हलली तर खालचं पेरिटोनियम कॉर्डवरून सोडवणं अपुरं आहे. अशा वेळी जाळी कापून लहान करण्याचा मोह होतो. त्यातूनच खालची कड दुमडते आणि हर्निया तिच्याखालून पुन्हा उतरतो.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेला रुग्ण सुरुवातीला घेऊ नका. त्याला उघडी लिक्टेनस्टाइन पद्धत (जांघेवर छेद घेऊन बाहेरून जाळी बसवणं) बरी. शिवाय रोबोट म्हणजे आपोआप सरस, हेही डोक्यातून काढा. २०२० साली आलेल्या ‘रायव्हल’ चाचणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रुग्णाला वेगळा फायदा दिसला नाही. वेळ आणि खर्च मात्र वाढला.

फ्लॅप शिवताना गॅसचा दाब कमी करा, ताण उतरतो. काटेरी धाग्याचं शेपूट अगदी जवळून कापा. मोकळं राहिलेलं शेपूट आतड्याला अडकून अडथळा झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या डायरेक्ट हर्नियात (भिंतीच्या कमजोर जागेतून थेट पुढे आलेल्या) पोकळीत पाणी साठतं. खोकल्यावर न फुगणारी, आत न जाणारी ही सूज बहुधा काही आठवड्यांत जिरते. घरी पाठवतानाच रुग्णाला हे सांगा, आणि तिच्यात उगाच सुई घालू नका.