जुन्या फोनला नवं अपडेट: माझा अनुभव

माझा फोन 2019चा. स्क्रीन ठणठणीत, बॅटरी दिवसभर पुरते, पण सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटची, तारीख 2022वर थिजलेली. हेल्पलाइनवर दर वेळी तेच, "लवकरच येईल सर." पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने तर फोन हातातही घेतला नाही. "काका, नवीन घ्या." सल्ला फुकट होता, फोन नव्हता.

शेवटी लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं. 2016च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही तशीच आधीची सिस्टीम बंद पडल्यावर त्यातूनच ही निघाली. आधी माझं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते पाहिलं. सांकेतिक नाव नेमकं जुळायला हवं, 'प्रो' वेगळा आणि साधा वेगळा. मग फोटो लॅपटॉपवर उतरवले, कारण नवी सिस्टीम टाकायला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोन कोरा होतो.

अख्खी संध्याकाळ गेली ती पुढे. लॅपटॉपला फोन दिसेचना. ड्रायव्हर तीनदा टाकले, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, चहा झाला. मग कळलं, केबल नुसती चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नाहीतच! शेजारच्या काकूंची केबल आणली आणि फोन लगेच दिसला. रिकव्हरी (फोनचा दुरुस्ती मोड), साइडलोड (लॅपटॉपवरून फाइल फोनमध्ये टाकणं) वगैरे सूचना वाचत अर्ध्या तासात उरकलं.

आता पॅच चालू महिन्याचा आहे. बँकेचं अ‍ॅप मात्र उघडत नाही, बूटलोडर उघडा दिसतो ना त्याला. ते बायकोच्या फोनवर टाकलंय. भाजीवाल्याला पैसे द्यायचे तर आता तिला विचारावं लागतं.