ऑपरेशनआधीचे दोन आठवडे: या आहारात या चुका टाळा

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर होणाऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की हातात आहाराचा एक कागद येतो. दिवसाला साधारण 800 ते 1200 कॅलरी, कर्बोदकं कमी, प्रथिनं पुरेशी आणि पाणी भरपूर. बहुतेकांना हे दोन आठवडे पाळायचं असतं. वजन किंवा लिव्हरवरची चरबी जास्त असेल तर मुदत वाढते. माझ्या हातात तो कागद आला तेव्हा पहिला विचार आला तो असा: एवढं कमी खाणं मला जमत असतं, तर ऑपरेशनची वेळच कशाला आली असती? हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

हे वजन उतरवायचं डाएट आहे असं समजणं

हा आहार असतो लिव्हरसाठी. वजन उतरतं, पण ते ओघानं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वर पसरलेला असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छोट्या छिद्रांतून उपकरणं आत घालतात आणि लिव्हरचा हा भाग उचलून धरावा लागतो, तेव्हा कुठे जठराचा वरचा भाग नीट दिसतो. चरबीनं फुगलेलं लिव्हर जड असतं, उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. जागाच मिळाली नाही तर सर्जनला मोठी चीर द्यावी लागते किंवा ऑपरेशन थांबवावं लागतं.

कर्बोदकं कमी केली की लिव्हर साठवलेलं ग्लायकोजन (साखरेचा साठा) वापरायला लागतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. मग साठलेली चरबी उतरू लागते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना 12 आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला होता. लिव्हरच्या आकारात जी घट झाली, तिच्यातली 80 टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. म्हणजे तुमच्या कागदावरचे दोन आठवडे कुणीतरी तुमची परीक्षा घ्यायला लिहिलेले नाहीत.

हे नीट समजलं की वजनकाट्याचा जाच कमी होतो. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झरझर खाली येतो, कारण पाणी जातं. मग तो अडतो. तिथं अनेकजण हताश होऊन आहार सोडतात, आणि नेमकं तेव्हाच आत लिव्हर आकसत असतं. काट्यावर रोज उभं राहू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

निरोपाच्या जेवणावळी

“आता पुन्हा कधी खायला मिळणार?” म्हणून डाएट सुरू होण्याआधीचा आठवडाभर मी आवडीचं सगळं खाल्लं. पश्चात्ताप वजनाचा झाला नाही. गोडाची सवय ऐन टोकाला असताना ती एका दिवसात तोडावी लागली, म्हणून पहिले तीन दिवस फार जड गेले. आवडत्या पदार्थांचा निरोप घेताना दुःख होतं, ते खोटं नाही. पण ते दुःख जवळच्या माणसाशी बोलून हलकं करा. डाएट सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच साखर, तळलेलं आणि चहा-कॉफी थोडी थोडी कमी करत या.

औषधं आहे तशीच चालू ठेवणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. खाणं निम्म्याहून कमी झालं, पण मधुमेहासाठीचं इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली, तर रक्तातली साखर घसरणारच. म्हणून डाएट सुरू करण्यापूर्वी, सुरू केल्यावर नव्हे, डॉक्टरांकडून नवी मात्रा लिहून घ्या आणि घरी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. हात थरथरणं, घाम फुटणं, धडधड, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली आणि साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली असली, तर लगेच 15 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यात विरघळवून घ्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या आणि डॉक्टरांना कळवा. “डाएट मोडेल” म्हणून इथं साखर टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नका. ही साखर म्हणजे औषध आहे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. कमी कर्बोदकांच्या आहाराबरोबर त्या चालू राहिल्या, तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेही साखरेचा आकडा जवळपास नॉर्मल दिसत असताना. मळमळ, उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास हे “डाएटचा त्रास” म्हणून अंगावर काढू नका, तातडीनं दवाखाना गाठा. ऑपरेशनपूर्वी या गोळ्या काही दिवस बंद ठेवतात. नेमक्या कधीपासून, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही या दिवसांत उठताना चक्कर येऊ शकते, कारण शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असाल तर आहार बदलल्यावर रक्ताची तपासणी लवकर करावी लागते. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. त्यामुळे जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. आणि कोणतीही गोळी मनानं बंद करू नका.

सांगितलं त्याहूनही कमी खाणं

“800 सांगितल्या, मी 500 वर राहीन, लिव्हर आणखी आकसेल.” हा उत्साह महागात पडतो. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू तोडायला लागतं, आणि ऑपरेशननंतर जखम भरायला प्रथिनं लागतातच. बहुतेकांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं सांगितली जातात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, यावरून हिशेब करा. नुसतं सूप आणि काकडीवर तो आकडा गाठणं अशक्य आहे. प्रोटीन शेक त्यासाठीच दिलेला असतो. चव आवडत नसेल तर थंडगार करून प्या, बर्फ घाला, किंवा आहारतज्ज्ञांना दुसरी चव विचारा. पण जेवण वगळू नका. दुपारचं वगळलं की रात्री नऊला ताबा सुटतो, हे मी दोनदा अनुभवलं.

पातळ म्हणजे चालणारं

फळांचा रस हा इथला मोठा फसवा पदार्थ. 200 मिलिलीटरच्या ग्लासात सुमारे 20 ग्रॅम साखर असते, आणि घरी काढलेला रसही त्याला अपवाद नाही. कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेलं सूप, मध घातलेलं पाणी यांचंही तेच. “शुगर फ्री” बिस्किटांत मैदा असतोच. पावडर घेताना डबा उलटा करून वाचा: एका मापात प्रथिनं किती आणि कर्बोदकं किती. वजन वाढवायच्या पावडरीही प्रोटीनच्याच नावाखाली शेजारच्या फळीवर असतात.

त्रास झाला की घाबरणं, किंवा सोसत राहणं

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते, थंडी वाजते, तोंडाला विचित्र वास येतो. शरीर चरबी जाळायला लागल्याची ही लक्षणं आहेत आणि बहुधा चार-पाच दिवसांत ओसरतात. कॉफी अचानक सोडली असेल तर डोकेदुखी तिचीही असते. पाणी घोट घोट करत दीड-दोन लिटर प्या. मीठ बंद केलेलं नसेल तर निवळ सूप घ्या. डोकेदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नका, कोणती चालेल ते आधी विचारून ठेवा.

बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेलीच. तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहू नका, परवानगी असलेल्या भाज्या आणि पाणी वाढवा, तरी फरक पडला नाही तर रेचक विचारून घ्या. यूरिक ॲसिडचा जुना त्रास असेल तर वजन झपाट्यानं उतरताना तो उसळू शकतो. पायाचा अंगठा सुजला तर लगेच कळवा.

स्वयंपाकघरात एकटं लढणं

मला सगळ्यात अवघड गेलं ते इतरांसाठी स्वयंपाक करणं. चव बघताना चमचाभर, मुलांच्या ताटात उरलेलं दोन घास, असं करत दिवसाला किती पोटात जातं ते कळतही नाही. शेवटी घरच्यांना स्पष्ट सांगितलं: हे दोन आठवडे मीठ-तिखट बघायचं काम तुमचं. शक्य असेल तर स्वयंपाकच दुसऱ्या कुणाकडे द्या. भूक लागली की आधी पाणी पिऊन दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. पोटाची भूक टिकते, मनाची बहुधा जागा बदलली की सरते. मी उठून बाल्कनीत जायचे.

घसरलं आणि लपवलं

एक दिवस चुकलं म्हणून सगळं वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नका, पुढच्याच जेवणापासून कागदावर परत या. मात्र वारंवार चुकत असेल तर ऑपरेशनच्या आधी टीमला खरं सांगा. रागावतील ही भीती मलाही होती. नवव्या दिवशी मी फोन करून सांगितलं, तर आहारतज्ज्ञांनी शांतपणे संध्याकाळी एक जास्तीचा शेक वाढवून दिला, आणि पुढचे दिवस निभावले. तारीख पुढे गेली तरी चालेल, पण फुगलेल्या लिव्हरवर दुर्बीण आत गेल्यावर ही गोष्ट कळायला नको.

आदल्या रात्रीचा गोंधळ

घन आहार साधारणतः भूल देण्याच्या किमान सहा तास आधी आणि निवळ पाणी दोन तास आधी थांबवतात. तुमच्या रुग्णालयाची वेळ वेगळी असू शकते, त्यांचीच पाळा. प्रोटीन शेक निवळ द्रवात मोडत नाही, ही चूक बरेचजण करतात. सकाळच्या कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कोणत्या घ्यायच्या नाहीत, त्याची यादी आदल्या दिवशी फोनवर विचारून कागदावर लिहा आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यावरच चिकटवा.