कुकी कुठं अडवायची, प्रॉक्सीत की ब्राउझरमध्ये?

सीताबर्डीला मित्राची अभ्यासिका आहे, तिथं सहा कॉम्प्युटर. पोरं येतात, एमपीएससीचे फॉर्म भरतात, मेल बघतात अन् लॉगआउट न करताच उठून जातात, मग नंतर बसणाऱ्यासमोर आधीच्याचा मेल उघडाच. मित्र म्हणे मधात एक फिल्टर करणारा प्रॉक्सी (ब्राउझर अन् इंटरनेटच्या मधातला प्रोग्राम) बसवून दे, सगळ्या कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी खूण, तिच्यामुळंच लॉगिन टिकतं) तिथंच अडतील. म्हणून मी प्रायव्हॉक्सी नावाचा असा एक प्रॉक्सी लावून पाहिला.

साइट उत्तरासोबत सेट-कुकी हा हेडर (पानासोबत येणारी, आपल्याला न दिसणारी माहितीची ओळ) पाठवते, ब्राउझर ती कुकी जपून ठेवतो अन् पुढच्या दर वेळी परत पाठवतो. प्रायव्हॉक्सी या दोघांच्या मधात बसतो (कॉम्प्युटरवरचं त्याचं दार, म्हणजे पोर्ट, 8118). येणारी कुकी कापायला क्रंच-इनकमिंग-कुकीज, जाणारी कापायला क्रंच-आउटगोइंग-कुकीज, अन् सेशन-कुकीज-ओन्ली लावलं तर तो कुकीची मुदतच काढून टाकतो म्हणजे ब्राउझर बंद झाला की ती गेली. आपले नियम युजर डॉट अ‍ॅक्शन फाइलमध्ये लिहायचे.

पण आता मेल, बँक, सरकारी फॉर्म सगळं एचटीटीपीएसवर चालतं. त्यात हेडर कुलूपबंद असतात, प्रॉक्सीला साइटचं नाव कळतं पण कुकी दिसतच नाही, मग कापणार काय? 2020 मध्ये आलेल्या प्रायव्हॉक्सीच्या 3.0.29 आवृत्तीपासून हे कुलूप उघडायची सोय आहे, त्यासाठी दर कॉम्प्युटरवर आपलं सर्टिफिकेट (ब्राउझरनं प्रॉक्सीवर भरवसा ठेवावा म्हणून दिलेलं ओळखपत्र) टाकावं लागतं. स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहायला ठीक आहे, पण दुसऱ्यांच्या मशीनवर हे बिलकुल करू नका, पोरांचे पासवर्ड अन् बँकेचं सगळं मधात उघडं होतं, हा आपला अधिकारच नाही.

म्हणून काम ब्राउझरमध्येच करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं कुकीज अँड साइट डेटाखाली 'फायरफॉक्स बंद होताना कुकीज पुसा' यावर टिक करा. घरच्या कॉम्प्युटरवर एखाद्या साइटचं लॉगिन टिकवायचं असेल तर तिथंच मॅनेज एक्सेप्शन्समध्ये तिचा पत्ता टाकून अलाऊ करा. दुसऱ्या साइटच्या जाहिरातवाल्यांनी पाठलाग करायची काळजी असेल तर 2022 पासून फायरफॉक्स आपणहूनच दर साइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. 'मागच्या विंडो अन् टॅब उघडा' हे चालू असलं तर सेशन कुकीसुद्धा (ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकणारी) परत जिवंत होते, क्रोममध्येही 'जिथं सोडलं तिथून चालू' तसंच करतं. ते आधी बंद करा. मग एका टेस्ट अकाउंटनं लॉगिन करा, सगळ्या विंडो बंद करा, परत उघडा. पासवर्ड मागितला तर जमलं.

अन् डाउनलोड फोल्डर रोज रात्री रिकामं करा. मार्कशीट, आधारच्या पीडीएफ तिथंच पडून राहतात, त्या ना प्रॉक्सी पुसतो ना ब्राउझर.