समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीला जाण्याआधी

पिशवी नंतर भरा, आधी तारीख ठरवा. समुद्रपक्षी जमिनीवर येतात ते विणीपुरते. एरवी त्यांचं घर म्हणजे उघडा समुद्र. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर हा हंगाम साधारण एप्रिल ते जुलै. गॅनेट हे मोठे पांढरे समुद्रपक्षी सप्टेंबरातही दिसतात, पण रंगीत चोचीचे छोटे पफिन ऑगस्ट उजाडताच निघून जातात. सुट्टी जमली म्हणून उशिरा जाणाऱ्याला विष्ठेने पांढरा झालेला रिकामा कडाच बघायला मिळतो. जून उत्तम.

मग कड्याचं तोंड कुठे आहे ते नकाशावर पाहा. पूर्वेला असेल तर सकाळी जा, पश्चिमेला असेल तर दुपारनंतर. नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतील. बेटावर जायचं असेल तर पावसापेक्षा लाटांचा अंदाज महत्त्वाचा. ऊन पडलेलं असतानाही लाटांमुळे बोट धक्क्याला लागत नाही, तेव्हा निघायच्या दिवशी फोन करून खात्री करा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर कड्याच्या काठापासून चांगलं लांब राहा.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून हलत्या बोटीवर काही धड दिसत नाही. वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही हवंच. टोपी तर हवीच हवी: वरून काय पडेल याचा नेम नाही, शिवाय सुरय (टर्न) पक्ष्यांच्या वसाहतीत ते थेट डोक्यावर चोच मारतात. तो हल्ला बहुधा सर्वांत उंच टोकावर होतो, म्हणून एक काठी डोक्याच्या वर नुसती धरायची, फिरवायची नाही. डबा झाकून ठेवा, कुरव (गल पक्षी) हातातलाही घास पळवतात. वासावर उपाय नाही. अर्ध्या तासाने नाक सरावतं.

बूट आदल्या दिवशी घासून धुवा आणि परतल्यावर पुन्हा धुवा. २०२२मध्ये एच५एन१ बर्ड फ्लूने गॅनेट आणि स्कुआ हे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने मेले. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका, तिथल्या रखवालदारांना कळवा.

ड्रोन घरी ठेवा. गिलिमॉट हा कड्यांवर दाटीने राहणारा समुद्रपक्षी घरटं बांधत नाही. उघड्या खडकावर एकच अंडं घालतो आणि ते पायांवर घेऊन उबवतो. थवा दचकून उडाला की अंडी कड्यावरून घरंगळतात, उरलेल्यांवर कुरव टपलेले असतात. पक्षी माना उंचावून अस्वस्थ हालचाल करू लागले की आपण जास्त जवळ आलो. तिथूनच मागे फिरायचं. पफिनची बिळं जमिनीखाली असतात, म्हणून पायवाट सोडू नका, पायाखालचं छत खचतं.

जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला जाणार असाल आणि गिलिमॉटच्या कड्यापर्यंत बोटीशिवाय पोचता येत असेल, तर टॉर्च आणि एक जास्तीचा स्वेटर घ्या, परतीची घाई ठेवू नका. जेमतेम तीन आठवड्यांची, अजून उडताही न येणारी पिल्लं संधिप्रकाशात कड्यावरून समुद्रात उड्या टाकतात. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, आणि पिल्लू सापडलं की दोघं पोहत दूर निघतात.