'जॉज'मधली ऑर्का: लाकडातून 1:24 मॉडेल

ऑर्का म्हणजे 'जॉज' या चित्रपटातली शार्कच्या शिकारीला निघालेली बोट. आधी एक गोष्ट ठरवा: कुठल्या क्षणाची बोट करायची? 1974 साली मॅसाच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या परिसरात 'जॉज'चं चित्रीकरण झालं, तेव्हा दोन ऑर्का होत्या. एक खरी, 'वॉरलॉक' नावाची लॉब्स्टर पकडायची बोट विकत घेऊन रूप बदललेली. दुसरी फायबरग्लासची, बुडवण्यासाठी आणि पुन्हा वर काढण्यासाठी बनवलेली. शिवाय चित्रपट पुढे सरकतो तशी बोटीची मोडतोड वाढत जाते. सुरुवातीच्या फ्रेममधली धडधाकट फळी आणि शेवटाकडची फुटकी केबिन एकाच मॉडेलवर आली, की जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. एकच प्रसंग निवडा, त्यातल्या 15-20 फ्रेम छापून घ्या आणि बाकीच्यांकडे पाहू नका.

दुसरी अडचण आराखड्याची. उत्तर अटलांटिकमधल्या लॉब्स्टर बोटींचे आराखडे मिळतात: नाळ (बोटीचं पुढचं टोक) उंच, मागची बाजू बसकी आणि मोकळी. सांगाड्यासाठी ते चालतात, पण डेकच्या वर त्यांचा उपयोग नाही. मोठ्या खिडक्या, उंच डोलकाठी, तिच्यावरचं मचाण आणि नाळेपुढे आलेली लांब फळी हे सगळं निर्मिती-आरेखक ज्यो आल्व्हज यांच्या चमूने चित्रपटासाठी केलेलं. म्हणून खालचा भाग आराखड्यावरून आणि वरचा फ्रेमवरून घ्या.

बोट साधारण 42 फुटी. 1:24 मापात एक फूट म्हणजे 12.7 मिमी, म्हणजे मॉडेल सुमारे 533 मिमी आणि सहा फुटी माणूस 76 मिमी. फ्रेमवरून मापं काढताना बोट पूर्ण आडवी आणि कॅमेऱ्यापासून लांब असलेलीच फ्रेम घ्या. जवळून टिपलेल्या फ्रेममध्ये पुढचा भाग फुगतो आणि केबिन उगाच मोठी निघते. पडताळणीसाठी बसायच्या जागेची उंची धरा: खरी सुमारे 45 सेमी, मॉडेलवर 19 मिमी.

सांगाडा

कील (बोटीचा तळाचा कणा) 4 मिमी बर्च प्लायची, आडव्या चौकटी 3 मिमीच्या. अकरा चौकटी, दर 45 मिमीला एक. नाळेकडे वळण तीव्र असल्याने तिथलं अंतर 30 मिमीवर आणा. नाळेच्या दोन्ही गालांत बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरा, नाहीतर सांगाड्यावर चढवायच्या लाकडी पट्ट्यांना टेकायला जागाच उरत नाही. चौकटींच्या कडा तिरक्या घासताना पॉलिश पेपर लांब पट्टीवर चिकटवा आणि ती एका वेळी तीन चौकटींवर टेकेल अशी फिरवा. एकेक चौकट सुटी घासली, तर बोट पूर्ण झाल्यावर बाजूच्या उजेडात फासळ्या दिसतात.

पट्ट्या 1.5 × 5 मिमी. बासवुड मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर सुताराकडून शिवणीच्या पट्ट्या चिरून घ्या. सागवानाच्या नादी लागू नका: तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही आणि 1.5 मिमीला वाकवताना ते तडकतं. पहिली पट्टी डेकच्या रेषेवर. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असंच खाली या. एक बाजू आधी संपवली तर कीलला पीळ बसतो, आणि तो नंतर कशानेही निघत नाही. नाळेकडच्या पट्ट्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, क्लिपांनी जागेवर अडकवा, रात्रभर वाळू द्या, गोंद दुसऱ्या दिवशी. टोकाला पट्टी निमुळती करा, पण निम्म्या रुंदीपेक्षा कमी नको. तिथे खिळा फाडतो. जागा पुरत नसेल तर दोन पट्ट्यांऐवजी एक करा.

वरून दर चौरस मीटरला 25 ते 50 ग्रॅमचं फायबरग्लास कापड आणि पातळ इपॉक्सी. लाकडाचे सांधे ऋतूनुसार हलतात आणि कापड नसेल तर रंगावर बारीक रेघा उमटतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करत असाल तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर टाळाच. दमट हवेत तो पांढरट धुरकट पडतो.

डेकवरचं

खिडक्यांसाठी 0.5 मिमी पारदर्शक शीट. ती फेव्हिक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच धुरकटते. पांढरा गोंद वापरा. मोठ्या खिडक्यांतून आतलं सगळं दिसतं, त्यामुळे चाक आणि कपाटं छप्पर बसवण्याआधीच पूर्ण करा.

डोलकाठी नुसत्या लाकडाची केली तर दोऱ्यांच्या ताणाने धनुष्यासारखी वाकते. 3 मिमी पितळी नळी घ्या, वर लाकडी सालपटं चढवा आणि नळी डेकमधून थेट कीलपर्यंत न्या. कठडे 1 मिमी पितळी तारेचे. सांधे डाग देऊन जोडा, नुसत्या गोंदाचे पहिल्या धक्क्याला सुटतात. दोर खरा 20 मिमीचा असेल तर 0.8 मिमी दोरा लागेल. सुती दोऱ्याला आधी मेण लावा, नाहीतर त्याची लव या मापात केसासारखी दिसते.

शार्कला अडकवायच्या पिवळ्या पिंपांना वेळ द्या, बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. एक पिंप हाताने नीट बनवा, सिलिकॉनचा साचा काढा, बाकीची रेझिनमध्ये ओता. डेकवर किती हवीत ते निवडलेल्या फ्रेममध्ये मोजा. पिवळा रंग पांढऱ्या प्रायमरवरच. करड्यावर तो हिरवट दिसतो आणि झाकायला चार हात लागतात. मग कडा थोड्या खरवडा, कारण पिंपं एकमेकांवर आणि कठड्यावर आपटतात. झीज तिथेच दिसली पाहिजे.

पाणरेषा टेपने अंदाजे काढू नका. बोट टेबलावर पातळी साधून पक्की बसवा, ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा टेबलावरून सरकवत बोटीभोवती फिरवा. वळणावर रेषा चढलेली वाटेल, ती तशीच बरोबर आहे.

गंज सगळीकडे फासायचा मोह आवरा. आधी अॅक्रिलिकचा रंग, तो वाळल्यावर त्यावर पातळ इनॅमल तपकिरी वॉश, आणि टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेला ब्रश फक्त वरून खाली. सुरुवात नेहमी लोखंडापासून: खिळ्याखालून, कड्यांखालून, पाणी निघायच्या भोकांखालून.

नाळेपुढची फळी सगळ्यात शेवटी बसवा. तिच्या पोटात 1.5 मिमी पितळी सळई घाला आणि ती नाळेच्या बाल्सात निदान 40 मिमी आत जाऊ द्या. मॉडेल उचलताना बाही पहिल्यांदा तिथेच अडकते. ने-आण जास्त असेल तर सळईला गोंद लावूच नका, म्हणजे फळी काढून वेगळी ठेवता येते.